टाचेचं लोणी

नांदेडला लेकाच्या नव्या घराची वास्तुशांती होती. सिंधूनं सकाळी चप्पल दाराबाहेर काढली ती दुपारपर्यंत पायात घातलीच नाही. वैजनाथला रेल्वेच्या ऑफिसात लागून सहा वर्षं झाली होती, सून तनुजा फार्मसीच्या कॉलेजात शिकवत होती, आणि दोघांनी मिळून हे दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. फरशी पांढरीशुभ्र, तोंड दिसेल अशी. पंगती उठल्या, पाहुणे पान खात बाहेर बसले, तेव्हा सिंधूचं लक्ष खाली गेलं. स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत तांबडे ठिपके पडले होते. आधी तिला वाटलं, कुणाच्या तरी हातून कुंकू सांडलं. मग भिंतीला धरून तिनं आपली टाच वर करून बघितली.

भेगा काही आजच्या नव्हत्या. लग्न होऊन आली त्या सालच्या हिवाळ्यात ज्या पडल्या, त्या दर हिवाळ्याला न चुकता येत. शेण, पाणी, ढेकळं, त्यात हरभऱ्याच्या पानावरची आंब. ती भेगेत गेली की डोळ्यात पाणी येई. त्याचं तिला काही वाटत नव्हतं. पण सुनेच्या नव्या फरशीवर रक्त सांडावं, हे तिच्या जिवाला लागलं. पदराचं टोक ओलं करून ती वाकून एकेक ठिपका पुसत गेली. शेवटचा पुसून मान वर केली, तर दारात तिचा नवरा, ग्यानोबा, उभा.

  परतीच्या एसटीत खिडकीकडची जागा त्यानं तिला दिली आणि तिच्या पायाखाली आपली पिशवी सरकवून ठेवली, एवढंच.

गाव शिरूर अनंतपाळपासून दोन कोसांवर. ग्यानोबाची आठ एकर जमीन, दोन म्हशी, एक विहीर. माणूस कष्टाळू, पण घरातल्या गोष्टींत लक्ष घालणारा नव्हे. बायकोला कधी बांगडी आणली नाही की गजरा आणला नाही. मागं तीन वर्षांपूर्वी सोयाबीनवर औषध फवारताना तो बांधावर आडवा झाला होता. तोंडाला फेस, डोळे फिरलेले. लातूरच्या दवाखान्यात तीन दिवस काढून घरी आला आणि पंप उचलून माळ्यावर टाकला तो टाकलाच. त्यानंतर त्याच्या रानात औषधाचा थेंब पडला नाही. गावानं थट्टा केली, उतारा घटला, तरी तो बधला नाही. नुसतं ‘औषध’ म्हटलं तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची.

नांदेडहून आल्यावर आठ दिवसांनी त्यानं गोठ्याच्या छपरीत जुनी शेगडी मांडली. लातूरच्या लाकडी घाण्यावरून करडईचं तेल आणलं. एका पोळं काढणाऱ्या माणसाकडून मधमाशीचं मेण मिळवलं. बांधावरची कोरफड कापून तिचा गर काढला. गुलाबपाण्याची बाटली शिरूरच्या बाजारातून आली. भिंतीला मोबाईल टेकवून तो कुणीतरी बाई काय सांगते ते ऐकायचा आणि तेलात पाणी ओतत ताकाच्या रवीनं घुसळायचा.

पहिल्या खेपेला तेल आणि पाणी घटकाभर एक झालं आणि वाटणीला बसलेल्या भावांसारखं पुन्हा वेगळं झालं. दुसऱ्या खेपेला मेण जास्त पडलं, चमचा रुतेना. तिसऱ्यांदा त्यानं दोन्ही भांडी सारखीच गरम केली, थोडा टाकणखार घातला, आणि रवी थांबवलीच नाही. हात भरून आले तेव्हा पातेल्यात पांढरंशुभ्र, मऊ, लोण्याच्या गोळ्यासारखं काहीतरी जमून आलं होतं.

काचेच्या बरणीत ते भरून त्यानं चुलीपाशी आणून ठेवलं.

“हे घे, वैजूची माय.”

“काय हाय?”

“लोणी हाय, टाचेचं. खायाचं न्हाई.” मग जरा थांबून म्हणाला, “यात औषधाचा थेंब न्हाई. सगळं रानातलं.”

सिंधूनं बरणी हातात घेतली. हुंगून ती म्हणाली, “रवी धुऊन ठेवा. ताकाला गुलाबाचा वास येईल.”

त्या दिवसापासून एक नवाच नेम पडला. दिवस मावळायच्या आधी ग्यानोबा रानातून येई, हातपाय धुई, चष्मा लावी आणि ओट्यावर बसून म्हणे, “दाखव.” सिंधू आधी लाजली. शेजारून कुणी बघेल म्हणून पदर पायावर ओढून घेतला. पण त्याचा आपला हेका, “दाखव, उजेड हाय तवर.” मग ती पाय पुढं करी आणि तो एखादा गव्हाचा कोंब बघावा तसा टाचेकडं बघे. “ही बारीक व्हायली. ही अजून खोल हाय. सकाळी बी लाव.” पाच मिनिटांचं काम. पण त्या पाच मिनिटांत तो दुसऱ्या कशाचं बोलत नसे, मोबाईल बघत नसे, आणि सिंधूला उगीच दुपारपासूनच उन्हं कुठवर उतरली ते बघायची सवय लागली.

दहाव्या दिवशी तिनं बरणी उघडली आणि तिच्या नाकाला वास आला. ओलं फडकं घडी करून ठेवल्यावर येतो तसा. वरच्या थरावर पाणी सुटलं होतं. झाकणाच्या आतल्या बाजूला मोहरीएवढे दोनतीन काळे ठिपके होते. तिनं बोटानं ते पुसले आणि तरीही लावलं, कारण संध्याकाळी तो विचारणार. दोन दिवस लावलं. तिसऱ्या दिवशी भेगेत आग व्हायला लागली आणि भोवतीची कातडी लाल झाली.

सांगायला तिनं तोंड उघडलं होतं. पण तो समोर बसून चष्मा पुसत होता. “लाल दिसायलंय. म्हंजे नवी कातडी यायलीय,” तो समजूतदारपणे म्हणाला. त्याच्या तोंडावरचं समाधान बघून तिनं तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी बाजाराला म्हणून ती शिरूरला गेली आणि मेडिकलमधून भेगांच्या मलमाच्या दोन मोठ्या ट्यूब घेऊन आली. घरी कुणी नसताना बरणीतलं सगळं खरडून उकिरड्यात पुरलं, बरणी राखेनं घासली, उन्हात वाळवली आणि ट्यूब पिळून पिळून भरली. रंग जुळला. वास मात्र भलताच आला, दवाखान्यासारखा. तिनं ग्यानोबाच्या गुलाबपाण्याचे चार थेंब टाकून चमच्यानं हलवलं, नाकाशी नेलं, आणखी दोन टाकले. रिकाम्या ट्यूबा तिखटाच्या डब्यामागं गेल्या.

टाचा भरायला लागल्या. पंधरा दिवसांत भेगांच्या जागी नुसत्या रेघा राहिल्या. ग्यानोबा रोज बघायचा आणि रोज थोडा उंच व्हायचा.

येळवस आली, मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. येळवशीला आमच्याकडं घरात कुणी जेवत नाही, सगळं गाव रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभारली, पांडवांची पूजा झाली, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबिलीची गाडगी उतरली. ग्यानोबाच्या रानात दहाबारा माणसं पंगतीला होती. जेवणं झाल्यावर त्याचा जुना सोबती चंद्रप्पा पाय पसरून बसला आणि पायाला हात लावून कण्हला. चंद्रप्पाचं रान बांधाला बांध लागून. त्याच्याही टाचा फुटलेल्या.

“आमच्या घरात बघ,” ग्यानोबा म्हणाला, आणि दहा माणसांत सिंधूकडं वळून म्हणाला, “दाखव गं टाच.”

बाया हसल्या. सिंधूला जमिनीत जावंसं वाटलं. पण पारूबाई, म्हणजे चंद्रप्पाची बायको, तिनं तिचा पाय ओढून बघितलाच. “अगं बाई, अक्का, ही तर पोरीची टाच,” ती म्हणाली. “काय लावलंव?”

“आमच्या यानी केलंय,” सिंधू म्हणाली. यात खोटं काही नव्हतं आणि खरंही नव्हतं.

त्याच आठवड्यात ग्यानोबानं मोठं पातेलं चढवलं. सहा घरांत सहा डब्या गेल्या. “इतकं कशाला करायलाव?” असं सिंधूनं म्हणून बघितलं. तो म्हणाला, “लोकांचं बरं व्हायलंय तर होऊ दे की.” तिनं स्वतःची समजूत घातली की ताजं ताजं लावतील, डबी लवकर संपेल, आपलीच बरणी कुठंतरी ओली राहिली असेल. मनाला फसवायचं म्हटलं की कारणं कमी पडत नाहीत.

संक्रांतीला आठ दिवस असताना पारूबाई आली. तिच्या नव्या सुनेची पहिली संक्रांत होती, रथसप्तमीच्या आत मोठं हळदीकुंकू करायचं होतं, आणि बायांना वाण म्हणून प्लास्टिकच्या वाट्या द्यायचा तिला कंटाळा आला होता.

“भाऊजींना म्या सांगून आले रानात. चाळीस डब्या पाहिजेत म्हणलं. लगेच कामाला लागले बघ,” ती म्हणाली. मग चहाची बशी खाली ठेवत सहज पुढं बोलली, “आमच्या मालकाच्या पायाला बी लावायले रोज. साखर हाय नव्हं त्यास्नी, जखम काही भरत न्हाई. आता भेगेतून पाणी सुटायलंय, वास बी मारतंय जरा. पण तुझं कसं आधी लाल झालं हुतं म्हणं, तसंच आसंल.”

सिंधूच्या हातातली बशी तशीच राहिली.

“कवापासून?” तिनं विचारलं.

“झाले चारपाच दिवस. ताप बी हाय बारीक.”

पारूबाईला ओट्यावरच सोडून सिंधू गोठ्याकडं निघाली. पन्नास पावलांची वाट. छपरीत ग्यानोबा शेगडीसमोर बसला होता, कपाळाला घाम, पातेल्यात मेण वितळत होतं. कोरफडीची ढीगभर पानं शेजारी.

“ते बंद करा,” ती म्हणाली.

“कामून?”

“बंद करा आधी.”

त्यानं शेगडी बंद केली. तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. वास कसा आला, काळे ठिपके कसे आले, आग कशी झाली, शिरूरहून ट्यूबा कशा आणल्या. बरणीत काय आहे. कधीपासून आहे. ती एका दमात बोलली, कारण थांबली असती तर पुढं बोलवलं नसतं.

ग्यानोबा पातेल्याकडं बघत राहिला.

“म्हंजे टाच दुकानाच्या मलमानं बरी झाली.”

“हाव.”

“आन मी रोज बघत बसायचो.”

“तुमी बघत हुतात म्हणूनच सांगितलं न्हाई,” सिंधू म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला. “सांगितलं असतं तर तुमी बघायचं सोडलं असतं.”

 त्यानं फक्त एकच विचारलं, “चंद्रप्पाला दिली ती?”

“ती तुमची हाय. तिच्यापायी त्यांचा पाय चिघळलाय. पारूबाई बसलीय ओट्यावर.”

तो उठला, हात न धुताच.

तासाभरात गावातली एक जीप मिळाली. मागं चंद्रप्पा पाय लांब करून, त्याच्याजवळ पारूबाई, पुढं ग्यानोबा, आणि सिंधू दाराशी. लातूरला मधुमेहाच्या पायांचेच एक डॉक्टर होते, तिथं नंबर लागला. डॉक्टरांनी पट्टी सोडली, उजेड पाडला आणि विचारलं, “यावर काय लावलंत?”

पारूबाईनं सिंधूकडं बघितलं. ग्यानोबानं खिशातून चंद्रप्पाच्या घरून आणलेली डबी काढून टेबलावर ठेवली.

“हे लावलंय. म्या केलेलं हाय. खराब झालतं. कुणाला ठाऊक नव्हतं, मला बी न्हाई.”

सिंधूनं चमकून त्याच्याकडं बघितलं. ‘कुणाला’ हा शब्द तो सरळ भिंतीकडं बघून बोलला होता.

डॉक्टरांनी डबी उघडली, वास घेतला, झाकण लावून बाजूला ठेवली. रागावले नाहीत. “साखरेच्या माणसाला पायावर घरचं काहीही लावायचं नाही, कितीही चांगलं असलं तरी,” एवढंच म्हणाले. जखम साफ केली, इंजेक्शनं लिहिली, दोन दिवस ठेवून घेतलं. “वेळेवर आणलंत. आणखी आठवडा गेला असता तर आत हाडापर्यंत गेलं असतं.”

बाहेर बाकड्यावर सिंधूनं पारूबाईचा हात धरला आणि सगळं सांगितलं.  हात पारूबाईनं सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

“मला आधीच सांगायचं हुतं, अक्का,” शेवटी ती म्हणाली.

“हाव. सांगायचं हुतं.”

गावी आल्यावर चार दिवस ग्यानोबा रोजच्यासारखा रानात गेला, आला, जेवला. बोलायचं तेवढं बोलला. पण दिवस मावळताना तो ओट्यावर बसेनासा झाला. म्हशीला पाणी पाजायचं काम एकदम लांबायला लागलं. सिंधूनं बरणी कोनाड्यातून काढून आत ठेवली. आपण काय वाचवायला गेलो आणि काय घालवून बसलो, याचा हिशोब ती रोज त्या वेळेला करायची.

पाचव्या दिवशी तो सकाळीच बाहेर पडला. दुपारी परत आला तेव्हा हातात पिशवी होती आणि पिशवीत उरलेल्या पाच डब्या. घरोघर जाऊन त्यानं स्वतः मागून आणल्या होत्या. ‘खराब हाय, लावू नका, माझी चूक झाली,’ असं प्रत्येक दारात सांगितलं होतं. एका घरी लोक हसले, एका घरी म्हातारीनं डबी द्यायलाच नकार दिला, मला गुण आलाय म्हणाली. तिच्याकडून त्यानं शपथ घालून घेतली. पाची डब्या ओट्यावर ओळीनं मांडून त्यानं झाकणं उघडली. तीन डब्यांत काळी बुरशी, एका डबीत पाणी, एक दिसायला चांगली होती.

“उद्या नांदेडला जाऊ,” तो म्हणाला. “तनुजाला इचारू.”

“माझ्यावर राग हाय?” सिंधूनं विचारलं.

“हाय की,” तो म्हणाला. मग पिशवीला गाठ मारत, “पर तू बी चल. एकट्याला कळायचं न्हाई ती काय म्हणती ते.”

दोनदा एसटी बदलून दोघं नांदेडला पोचले. तनुजाला सगळं आधीच फोनवर कळलं होतं. ती हसेल अशी सिंधूला भीती होती. पण पोरीनं पाची डब्या वर्तमानपत्रावर ठेवल्या, हात धुऊन पुसले आणि एखाद्या पेशंटची फाईल बघावी तशा एकेक बघितल्या.

“मामा, क्रीम तर सुंदर बांधलंय तुम्ही,” ती म्हणाली. “आमच्या पोरांना पहिल्या वर्षी असं जमत नाही.”

ग्यानोबानं तिच्याकडं संशयानं बघितलं. सून चेष्टा करत नव्हती.

“मग इटलं कामून?”

“पाण्यामुळं. नुसतं तेल आणि मेण असतं तर बुरशी धरली नसती. ज्यात पाणी, त्यात जीव धरतोच. त्यात तुम्ही ताजी कोरफड घातली, म्हणजे बुरशीला खाऊच दिला. आणि डबीत रोज ओलं बोट जातं.”

“व्हिटॅमिनच्या गोळ्या फोडून घातल्या हुत्या की. त्या मोबाईलवरल्या बाईनं सांगितलं, त्यानं टिकतं म्हणून.”

“त्यानं तेल खवट होत नाही. खवटपणा वेगळा आणि बुरशी वेगळी. बुरशीला थांबवायला प्रिझर्वेटिव्ह लागतं.”

“म्हंजे औषध.”

 घरात सगळ्यांना ठाऊक होतं तो शब्द काय आहे ते.

“हो, मामा. औषध,” ती म्हणाली. “तुमच्याशी खोटं नाही बोलणार. पण फवारणीच्या त्या दिवशी तुम्ही दोन औषधं एकात मिसळली होती, टोपणानं अंदाजे माप घेतलं होतं, तोंडाला काही बांधलं नव्हतं आणि वारं तोंडावर होतं. इथं शंभर ग्रॅमला एक ग्रॅम, काट्यावर मोजून. कमी नाही, जास्त नाही. जे अंगाला चालतं म्हणून तपासलेलं आहे तेच. आणि ते नको असेल तर दुसरा रस्ता आहे. पाणीच घालू नका. तेल आणि मेणाचं मलम करा, कोरड्या डबीत भरा, कोरड्या हातानं लावा. त्याला औषधाची गरज नाही.”

 ग्यानोबा डाव्या हाताच्या अंगठ्यानं उजव्या तळव्यावरचा घट्टा चोळत राहिला. सिंधूला वाटलं आता हा उठेल आणि म्हणेल, मलम बरं, औषध नको. तसं म्हणाला असता तर तिनं मानही डोलावली असती.

तो तिच्याकडं वळला.

“तुला कोणतं पाहिजे?”

सिंधू गोंधळली. चौतीस वर्षांत पेरणीपासून पोराच्या शाळेपर्यंत सगळं ठरलं होतं, पण हा प्रश्न तिच्या वाट्याला फारसा आला नव्हता.

“मलम चिकटतं,” ती हळूच म्हणाली. “चप्पल चिकटती, माती चिकटती, लुगड्याला डाग पडतेत. मला पांढरंच बरं वाटतं. पर तुमाला चालत नसंल तर...”

“माझ्या चालण्याचं सोड. टाच तुझी हाय,” ग्यानोबा म्हणाला. आणि सुनेला म्हणाला, “काटा काढ.”

त्या दुपारी नांदेडच्या त्या दोन खोल्यांच्या घरात सासरा आणि सून स्वयंपाकघरात उभे राहिले आणि सिंधू दारात बसून बघत राहिली. तनुजानं डब्या आणि चमचे उकळून, स्पिरिटनं पुसून घेतले. कोरफड बाजूला गेली, तिच्या जागी कॉलेजातून आणलेलं शुद्ध पाणी आलं. करडईचं तेल तेच, मेण तेच, आणि दोन्ही धरून ठेवायला तनुजाजवळचं एक पांढरं, मेणासारखं, खड्याखड्यांचं द्रव्य. मिश्रण जमून कोमट झालं तेव्हा तिनं छोटी बाटली काढली.

ग्यानोबानं तोंडाला रुमाल बांधला.

“मामा, याला नाही लागत,” तनुजा म्हणाली.

“असू दे,” तो रुमालातून म्हणाला, आणि काट्यावरचे आकडे बघत थेंब सोडायला लागला.  अकरावा थेंब पडल्यावर काट्यानं पाहिजे तो आकडा दाखवला आणि त्यानं बाटली अशी अलगद खाली ठेवली, जणू ती जागी होईल.

दोन डब्या तनुजानं ठेवून घेतल्या. एक फ्रीजच्या डोक्यावर, गरम जागी, आणि एकीत ती रोज मुद्दाम बोट घालणार होती. “महिनाभर बघू काही येतं का. तोवर आत्या लावणार नाहीत. आणि मामा, कुणाला विकायचं नाही हं, त्याला लायसन लागतं.”

“कोण इकायलंय,” ग्यानोबा म्हणाला.

महिनाभर रोज सकाळी चहाच्या आधी त्याचा नांदेडला फोन. “उगवलं का काही?” “नाही, मामा.” “बराबर बघितलं का? झाकणाच्या आतून?” “बघितलं, मामा, काही नाही उगवलं.” जन्मभर पेरल्यावर चार दिवसांनी रानात जाऊन कोंब शोधणारा माणूस, आणि ‘काही नाही उगवलं’ हे ऐकून त्याचा चेहरा फुलायचा. सिंधू चहा गाळता गाळता ते बघायची आणि पदरात हसायची.

मधल्या काळात त्यानं पारूबाईच्या वाणासाठी चाळीस डब्या केल्या, बिनपाण्याच्या. तेल आणि मेण, बाकी काही नाही. प्रत्येक डबीवर कागदाची चिकटपट्टी लावून स्वतःच्या अक्षरात तारीख लिहिली आणि खाली लिहिलं, ‘ओला हात घालू नये. साखर असणाऱ्यांनी लावू नये.’ पारूबाई म्हणाली, हे वाणावर कसलं लिहिणं. पण तिनं एकही कागद काढला नाही. हळदीकुंकवाला ती सिंधूच्या ओटीत तिळगुळ घालताना थांबली आणि म्हणाली, “मालकाचा पाय भरत आला, अक्का. काल चप्पल घालून पारापर्यंत गेलते.” सिंधूचे डोळे भरले. पारूबाईनं तिच्या कपाळाला हळद जरा जास्तच लावली आणि पुढच्या बाईकडं वळली.

माघ सरत आला तेव्हा तनुजाचा फोन आला की आता लावायला हरकत नाही. ती स्वतः शनिवारी ताज्या लोण्याची डबी घेऊन येणार होती, पण ग्यानोबाला धीर नव्हता. सकाळच्या एसटीनं गेला आणि दुपारच्या एसटीनं परत आला.

ऊन अजून अंगणात होतं. सिंधू ओट्यावर तुरीची डाळ निवडत होती. दुकानातलं मलम संपून बरेच दिवस झाले होते, तिनं नवं आणलं नव्हतं, आणि टाचेवर पुन्हा रेघा उमटायला लागल्या होत्या. ग्यानोबानं हातपाय धुतले, कोरडे पुसले, पुन्हा पुसले. चष्मा लावला. तिच्यासमोर खाली, पायरीवर बसला.

“दाखव.”

तिनं सूप बाजूला ठेवून पाय पुढं केला. तो नुसता बघेल असं तिला वाटलं होतं. पण त्यानं डबी उघडली, चमच्याच्या टोकानं थोडं काढलं आणि तिची टाच तळव्यात धरून अंगठ्यानं चोळायला लागला. सिंधूनं पाय झटकन मागं घेतला.

“काय करायलाव? पायाला हात लावतेत का बायकोच्या? कुणी बघंल.”

“बघू दे. पाय इकडं कर.”

तिनं पुन्हा पाय पुढं केला, मान दुसरीकडं वळवून. त्याचा हात खरबरीत होता आणि लोणी गार. तो भेगेच्या कडेकडेनं, घाई न करता लावत होता. तेवढ्यात फाटकातून पारूबाई आत आली. वाणातली तिची डबी रिकामी झाली होती म्हणून विचारायला आली असावी. समोरचं बघून ती जागीच थबकली, मागं वळायला लागली.

ग्यानोबानं मान वर केली नाही.

“ये, पारूबाई, बस,” तो म्हणाला. “दुसरा पाय राहिलाय, झालंच.”